इग्निशन लॉकचा सिलिंडर अडकतो आहे. स्टेअरिंग कॉलममधून तो काढण्याची योग्य पद्धत कोणती?

गोदाकाठ (नाशिक) :

नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर बदलण्याची छोटी गाडी आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या इग्निशन लॉकचा त्रास सुरू झाला असून तो आता वाढत चालला आहे. चावी आत व्यवस्थित जाते, परंतु ‘लॉक’वरून ‘एसीसी’कडे (इंजिन बंद असताना रेडिओसारखी उपकरणे चालवण्याच्या स्थानाकडे) वळवताना मध्येच अडते, ती किंचित बाहेर ओढून, थोडी हलवून पुन्हा फिरवली की वळते. मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. इंजिन सुरू झाल्यावर चावी सोडली की ती आपोआप ‘स्टार्ट’वरून ‘ऑन’वर परत यायला हवी, तशी ती नेहमी येत नाही, हाताने मागे आणावी लागते आणि तोपर्यंत स्टार्टरचा कर्कश आवाज चालूच राहतो.

घराजवळच्या मेस्त्रींचे म्हणणे असे की दरवाजे आणि डिकीसह संपूर्ण लॉक सेट बदलावा. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सांगितले की केवळ सिलिंडर बदलूनही काम भागेल. मला स्वतःच्या हाताने काम करण्याची सवय आहे. सॉकेट सेट, ड्रिल आणि मल्टिमीटर घरी आहेत. स्टेअरिंगखालचे प्लास्टिकचे कव्हर उघडून पाहिले असता लॉकची बॉडी कॉलमच्या, म्हणजे स्टेअरिंगचा शाफ्ट असलेल्या, नळीला कंसाने आवळलेली दिसली, मात्र त्या कंसाच्या दोन्ही बोल्टांना ना षटकोनी डोके आहे, ना पेचकस लावण्याची खाच. नुसते गुळगुळीत गोल माथे आहेत. हे बोल्ट न काढता सिलिंडर निघू शकतो का? गाडीला एअरबॅग नाही, चावीत चिप आहे आणि मूळच्या दोन्ही चाव्या माझ्याकडे आहेत.

घाटवाट (सातारा) :

नमस्कार. आपण लक्षणे नेमकी सांगितली आहेत. माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि अशी गाडी आली की मी लगेच हत्यारांना हात घालत नाही, कारण ‘लॉक खराब झाले’ असे ज्याला सरसकट म्हटले जाते, त्यात चार वेगळ्या वस्तू एकमेकींशी जोडून काम करत असतात : चावी, ती जिथे जाते तो सिलिंडर, स्टेअरिंग अडवणारा दांडा आणि सर्वांत मागे बसवलेला विजेचा स्वीच. यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे ठरवल्याशिवाय सिलिंडर काढला, तर नवा सिलिंडर बसवूनही तोच त्रास पुन्हा समोर उभा राहतो.

सुरुवात दांड्यापासून करावी. चावी काढून स्टेअरिंग वळले की हा दांडा कॉलमच्या शाफ्टवरील खाचेत शिरतो. गाडी उभी करताना चाके वळलेली किंवा फुटपाथला टेकलेली असतील, तर टायरचा सगळा ताण दांड्यावर येतो आणि चावी ‘लॉक’वरून हलत नाही. अशा वेळी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना हलकेच हलवत चावी फिरवून पाहावी. एवढ्याने ती दर वेळी सहज वळत असेल, तर सिलिंडरचा काही दोष नाही. पुष्कळ लोक या ठिकाणी पक्कड लावून चावी फिरवतात आणि ती आतच मोडते.

त्यानंतर कपाटात ठेवलेली, कमी वापरातली दुसरी चावी लावून पाहावी. ती गुळगुळीत फिरली, तर आपली रोजची चावी झिजली आहे असे समजावे.

तिसरी चाचणी स्वीचची. बॅटरीची मायनस वायर काढून ठेवावी. लॉकच्या मागच्या टोकाला विजेचा स्वीच एक-दोन लहान स्क्रूंनी बसवलेला असतो. तो तारांसह अलगद बाजूला घ्यावा आणि मागे काहीही जोडलेले नसताना चावी सर्व स्थानांतून फिरवून पाहावी. चावी आता कुठेही अडली नाही, तर दोष स्वीचमध्ये आहे. तो स्वतंत्र मिळतो आणि सिलिंडरला हात लावण्याची गरज उरत नाही. स्वीच सोडवूनही ती त्याच जागी अडत असेल, तर दोष सिलिंडरमध्ये आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चावीला ‘स्टार्ट’वरून मागे आणणारी स्प्रिंग काही गाड्यांत लॉकच्या बॉडीत, तर काहींत स्वीचमध्ये असते. स्वीच सोडवल्यावर ‘स्टार्ट’कडे नेताना स्प्रिंगचा जोर हाताला मुळीच जाणवत नसेल, तर ती स्वीचमध्ये आहे असे धरून चावी अडखळते का, एवढेच पाहावे.

चावी परत न येण्याबद्दल आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे. चावी ‘स्टार्ट’वर राहिली की स्टार्टरचे पिनियन (लहान दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दात्यांतून बाहेर येत नाही. पिनियनमधला एका दिशेने पकडणारा क्लच मोटरला काही काळ सांभाळून घेतो, पण मोटर तापत जाते आणि सोलेनॉइडचे (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्वीचचे) संपर्क जळू लागतात. दुरुस्ती होईपर्यंत दर वेळी चावी हाताने मागे आणण्याची दक्षता घ्यावी, म्हणजे लॉकच्या खर्चात स्टार्टरच्या खर्चाची भर पडणार नाही.

किल्लीदार (पुणे) :

मी गाड्यांच्या चाव्यांचे आणि कुलपांचे काम करतो, म्हणून चावी आणि सिलिंडर यांच्यापुरते लिहितो.

सिलिंडरच्या आत स्प्रिंग लावलेल्या पातळ पितळी पत्त्या एका रांगेत असतात. चावीवरील प्रत्येक खाच आपापल्या पत्तीला ठरावीक उंचीवर आणते आणि सगळ्या पत्त्या सिलिंडरच्या गोलाईशी समतल झाल्या, तरच तो फिरतो. चावीची एक खाच घासली गेली किंवा एका पत्तीची कड झिजली, तरी ती पत्ती केसभर बाहेर राहते आणि आपण लिहिले आहे तशी चावी हलवून जागा शोधावी लागते. चावी किंचित बाहेर ओढल्यावर वळते, हे झिजेचे ओळखीचे लक्षण आहे.

अशा वेळी रोजच्या चावीवरून डुप्लिकेट बनवून घेणे व्यर्थ जाते, कारण मशीन त्या चावीची झीजही जशीच्या तशी उतरवते. नवी गाडी घेताना चाव्यांसोबत बहुधा धातूची एक लहान पट्टी दिलेली असते आणि तिच्यावर चावीचा कोड क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून चावी कापून घेतली, तर ती कारखान्यातून निघालेल्या मापाची मिळते. ती पट्टी आजच शोधून ठेवावी; अनेकांच्या घरी ती पहिल्या दिवसाच्या कागदपत्रांच्या पाकिटातच पडून असते.

संपूर्ण लॉक सेट बदलण्याची सक्ती नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. नवीन सिलिंडरमध्ये पत्त्या बदलून तो जुन्या चावीला जुळवता येतो. बऱ्याच सिलिंडरांतील पत्त्यांवर त्यांच्या उंचीचा अंक उठवलेला असतो. जुन्या सिलिंडरमधील क्रम पाहून त्याच उंचीच्या नव्या पत्त्या लावल्या की दरवाजा, डिकी आणि इग्निशन या तिन्हींना एकच चावी चालते. आपल्या बाबतीत याचा आणखी एक फायदा आहे. चावीच्या डोक्यात चिप आहे आणि गाडीचा इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चिपशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, तिलाच ओळखतो. नव्या सेटच्या नव्या चाव्या घेतल्या, तर त्यांच्या चिप स्कॅनर लावून गाडीत नोंदवून घ्याव्या लागतात. जुनीच चावी कायम ठेवली, तर हा खर्च वाचतो.

आत तेल सोडू नये. तेलाने आठवडाभर बरे वाटते, पण देशावरची धूळ त्यात चिकटते आणि पत्त्यांच्या खोबणीत चिखल तयार होतो. शिवाय ते झिरपत मागच्या स्वीचच्या संपर्कांवर जाते. कोरडी ग्राफाइट पूड चावीला लावून चावी आतबाहेर करावी, तेवढे पुरते.

आणखी एक. चावीच्या कडीत घरच्या, दुकानाच्या आणि तिजोरीच्या चाव्यांचा जुडगा लटकवू नये. खड्ड्यांतून जाताना ते वजन सिलिंडरला सतत खाली ओढत असते. २०१४ साली जनरल मोटर्सने जगभरातील सुमारे २६ लाख गाड्या इग्निशन स्वीचसाठी परत बोलावल्या, त्यामागे हाच धोका होता. त्या स्वीचची पकड इतकी सैल होती की जुडग्याच्या वजनाने किंवा गचक्याने चालत्या गाडीत चावी ‘ऑन’वरून ‘एसीसी’वर सरकत असे, मग इंजिन बंद पडून पॉवर स्टेअरिंगची मदत थांबे आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसत. त्या दोषामुळे १२४ मृत्यू झाल्याचे कंपनीच्या भरपाई निधीने मान्य केले. झिजलेल्या लॉकची दुरुस्ती पुढे ढकलू नये असे मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो, ते याचसाठी.

गोदाकाठ (नाशिक) :

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व चाचण्या केल्या. स्टेअरिंग हलवून फरक पडला नाही. दुसरी चावी थोडी बरी चालते, पण तीही त्याच जागी अडते. स्वीच मागून सोडवला तरी चावीचे अडखळणे कायम राहिले आणि ‘स्टार्ट’वरून ती अर्ध्यातच थांबली. स्प्रिंगचा जोर मात्र हाताला जाणवतो. म्हणजे दोष सिलिंडरमध्येच आहे, असे मी समजतो. लॉकच्या बॉडीवर, चावीच्या तोंडापासून साधारण दोन बोटे आत, एक लहान गोल छिद्र दिसते आणि टॉर्च मारल्यावर त्यात पितळी रंगाची एक पिन चमकते. हिचा काही उपयोग आहे का?

घाटवाट (सातारा) :

आपले काम बरेच सोपे झाले. ती पिन सिलिंडरला बॉडीत अडकवून ठेवते. आपल्या गाडीत गोल माथ्याच्या बोल्टांना हात लावण्याची आवश्यकता नाही. सिलिंडर पुढच्या बाजूने सरळ बाहेर येईल.

बॅटरीची मायनस वायर काढलेलीच असावी. चावीच्या तोंडाभोवती काळ्या प्लास्टिकचे एक कडे असेल, ती इमोबिलायझरची अँटेना आहे. ती एका स्क्रूने किंवा क्लिपने बसवलेली असते. आधी कपलर (तारांचा जोड) सोडवावा आणि मग कडे ओढावे, कारण तिच्यातील तार अत्यंत बारीक असते आणि ती तुटली तर चांगल्या चावीनेही इंजिन सुरू होणार नाही. आता चावी घालून ती ‘एसीसी’वर आणावी. या एकाच स्थानी पिन बॉडीतील खाचेसमोर येते, म्हणून चावी अंदाजे ठेवून चालत नाही. छिद्रातून पातळ टोच्या किंवा योग्य जाडीचा खिळा घालून पिन आत दाबावी आणि दाबलेली ठेवूनच चावी धरून सिलिंडर स्वतःकडे सरळ ओढावा. पिन दबली असूनही सिलिंडर निघत नसेल, तर जोर वाढवू नये. चावी ‘एसीसी’च्या अलीकडे-पलीकडे अगदी किंचित सरकवत पुन्हा पिन दाबावी. खरी जागा सापडली की सिलिंडर दोन बोटांच्या ताकदीने येतो.

बाहेर आल्यावर चावी लगेच उपसू नये. ती काढली तर पत्त्या बाहेर उसळतात आणि पुष्कळदा एखादी स्प्रिंग उडून सीटखाली जाते. सिलिंडर चावीसकट एका ताटलीत ठेवून किल्लीदारांसारख्या जाणकाराकडे न्यावा.

बसवताना हाच क्रम उलट करावा. नवा सिलिंडर ‘एसीसी’वर ठेवून, पिन दाबून आत सरकवावा. त्याच्या मागच्या टोकाची चपटी जीभ आतल्या खोबणीत बसली, तरच तो पूर्ण आत जातो आणि पिन ‘टक्’ असा आवाज करून छिद्रात उभी राहते. आवाज आला नाही, तर तो बसला असे मानू नये. ठोकून तर मुळीच बसवू नये. मग स्वीच लावून, बॅटरी जोडून, कव्हर बंद करण्याआधी पाहावे : चावी चारही स्थानांतून जाते का, ‘स्टार्ट’वरून झटक्यात परत येते का, फक्त ‘लॉक’वरच बाहेर निघते का आणि बाहेर काढल्यावर स्टेअरिंग अडते का. गाडी चालताना ‘एसीसी’ किंवा ‘ऑन’वर असताना चावी सुटून येत असेल, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नये, कारण चावी बाहेर पडल्यावर वळणावर स्टेअरिंग अडू शकते.

मांडवी (पणजी) :

हा धागा इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून एअरबॅगबद्दल लिहिते. भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक कारला चालकाची एअरबॅग बंधनकारक आहे, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर हे काम वेगळ्या सावधगिरीने करावे लागते. बॅटरीची वायर काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठलेली राहते. किती वेळ थांबायचे हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो वेळ पूर्ण झाल्याशिवाय कॉलमजवळची एअरबॅगची पिवळी कपलर हाताळू नयेत आणि त्यांना मल्टिमीटर तर अजिबात लावू नये. बहुतेक गाड्यांत सिलिंडरसाठी स्टेअरिंगचे चाक काढावे लागत नाही. कोणी ते काढायला निघाला, तर त्याचे कारण विचारावे, कारण चाकाखालची गुंडाळलेली सपाट तार मधल्या स्थितीतून फिरली की पुढच्या पूर्ण वळणावर तुटते आणि एअरबॅगचा दिवा कायमचा लागतो.

ऑटोमॅटिक गिअरच्या अनेक गाड्यांत गिअर ‘पी’वर (पार्किंगच्या स्थानावर) पूर्ण बसल्याशिवाय चावी ‘लॉक’पर्यंत परत येत नाही. चावी निघत नाही म्हणून सिलिंडर बदलायला निघण्याआधी गिअरची दांडी नीट बसली आहे का, ते पाहावे. माझ्या शेजारच्या काकांची गाडी याच कारणासाठी टोइंग करून नेण्याची वेळ आली होती. मॅटखाली अडकलेले नाणे काढल्यावर दांडी पूर्ण पुढे गेली आणि चावी निघाली.

ठाणेकर (ठाणे) :

कागदपत्रांबद्दल एक सूचना करतो. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दाव्याच्या वेळी मूळच्या दोन्ही चाव्या मागते. सिलिंडर किंवा सेट बदलला असेल आणि जुन्या चाव्या फेकून दिल्या असतील, तर तेव्हा समाधानकारक उत्तर देणे फार अवघड जाते. कामाचे पक्के बिल घ्यावे, जुना सिलिंडर आणि चाव्या जपून ठेवाव्यात आणि चाव्या बदलल्या असल्यास विमा कंपनीला लेखी कळवून त्याची पोच ठेवावी. चावीवाल्याने आरसी आणि ओळखपत्र मागितले तर राग मानू नये. जो मागत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नये.

कृष्णाकाठ (सांगली) :

माझ्या गाडीत असे छिद्र किंवा पिन नाही. कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीतही फक्त संपूर्ण लॉक बॉडी दाखवली आहे. मग त्या गोल माथ्याच्या बोल्टांचे काय करावे? आणि चावी मुळीच फिरत नसेल, तर काय?

घाटवाट (सातारा) :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चावी फिरतच नसेल, तर पिन असलेल्या लॉकमध्येही सिलिंडर निघत नाही, कारण तो ‘एसीसी’वर येत नाही. त्या वेळी कोडवरून कापलेली नवी चावी हा पहिला उपाय आहे आणि तिनेही तो हलला नाही, तर काम कुलपाच्या कारागिरावर सोपवावे. घरी ड्रिल लावून सिलिंडर पोखरण्याचा सल्ला मी देणार नाही. पितळेचा चुरा स्वीचमध्ये जातो, ड्रिल घसरून बॉडी फुटते आणि जे काम सिलिंडरपुरते होते ते कॉलमपर्यंत पोहोचते.

आता बोल्ट. ते मुद्दाम तसे बनवलेले असतात. बसवताना त्यांना षटकोनी डोके असते आणि ठरावीक ताकदीने आवळले की ते मानेपासून तुटून गळून पडते, म्हणजे साध्या पान्याने कोणालाही लॉक सोडवता येऊ नये. कॉलमखाली जागा फार कमी असते, म्हणून आधी डॅशबोर्डखालच्या कंसाला कॉलम धरून ठेवणारे नट सोडून तो सीटच्या दिशेने थोडा खाली उतरवावा. पॉवर स्टेअरिंगची मोटर कॉलमवरच असेल, तर तो जड असतो. दुसऱ्या माणसाने खालून आधार द्यावा आणि तारांवर ताण येऊ देऊ नये.

गोल माथ्याच्या कडेजवळ बारीक छिन्नीने एक खाच पाडावी आणि छिन्नी तिरपी धरून लहान हातोडीने उलट दिशेला टिचक्या माराव्यात. बोल्ट गंजलेला नसेल, तर पाव फेरा सुटल्यावर तो पकडीने फिरू लागतो. हातोडीचा घाव कॉलमच्या लांबीच्या दिशेने बसता कामा नये. अपघातात स्टेअरिंग छातीत घुसू नये यासाठी कॉलम दबून आखूड होईल असा रचलेला असतो. त्यातील प्लास्टिकच्या पिना अशा घावाने निखळू शकतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. छिन्नीने दाद दिली नाही, तर माथ्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून ३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला बोल्ट काढण्याचे हत्यार) लावावा. ड्रिल करण्याआधी आसपासची कपलर ओल्या फडक्याने झाकावीत आणि चुरा नंतर चुंबकाने टिपून घ्यावा.

नव्या बॉडीसोबत नवे बोल्ट येतात. ते सुरुवातीला हाताने, फक्त बॉडी डगमगणार नाही इतकेच लावावेत. बॉडीवरचा उंचवटा कॉलमच्या नळीच्या छिद्रात बसला आहे का, ते चाचपून पाहावे. त्यानंतर चावी काढून स्टेअरिंग सावकाश फिरवावे. दांडा शाफ्टच्या खाचेत स्वच्छ शिरला पाहिजे आणि चावी घालून फिरवल्यावर कुठेही न घासता पूर्ण मागे गेला पाहिजे. चावी ‘ऑन’वर ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना किंचितही खरखर जाणवली, तर बॉडी सैल करून पुन्हा बसवावी. हे सगळे जुळल्याची खात्री झाल्यावरच दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत डोकी तुटेपर्यंत आवळावेत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला, तर कंस एका बाजूला ओढला जातो आणि दांडा खाचेत तिरका शिरू लागतो. तुटलेली दोन्ही डोकी मोजून बाहेर काढावीत. एखादे ब्रेकच्या पेडलमागे पडून राहिले, तर ते शोधल्याशिवाय गाडी सुरू करू नये.